वारा की पाणी? : विम्याच्या कागदाचा अर्थनिर्णय

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी आमच्या एका विद्यार्थिनीने आम्हा दोघांना एक पत्र वाचायला पाठवले. ती दापोली तालुक्यातली. जुन्या घराला मागची खोली वाढवताना वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते आणि कर्जाबरोबर घराचा विमाही उतरवला गेला होता. वादळात घराचे अर्धे छप्पर उडाले, पडवीवर माड पडला, माळ्यावरचे भात भिजून गेले. विमा असल्याचे कुणाच्या तरी लक्षात आले, अर्ज झाला, सर्व्हेअर येऊन गेला आणि मग हे इंग्रजी पत्र आले. पडवीपुरते थोडे पैसे मंजूर झाले होते. मुख्य छपराबद्दल मात्र असे म्हटले होते की, वासे आणि रिपा आधीच जीर्ण झालेल्या होत्या. सबब ही हानी वादळाची नसून कालपरत्वे होणाऱ्या झिजेची आहे, आणि झीज ही विम्यात धरलेली आपत्ती नव्हे.

मुलीने दूरध्वनीवर एवढेच विचारले, "सर, म्हणजे आमच्याकडे वादळ झालंच नाही का?"

आम्हा दोघांपैकी एक जण काव्यशास्त्र शिकवतो, दुसरा भाषाविज्ञान. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. पण त्या संध्याकाळी पाच ओळींच्या त्या पत्रापुढे आम्ही अडलो. त्यातला प्रत्येक शब्द आम्हाला कळत होता आणि तरीही त्या शब्दांनी नेमके काय केले आहे, हे त्या मुलीला सांगता येत नव्हते. पुढे लिहिले आहे ते या अडखळण्यातून आलेले आहे.

विमा हा वाणिज्य शाखेचा विषय, फार तर वकिलांचा. त्यात साहित्याच्या माणसाने कशाला पडावे, असे आम्हीही मानत होतो. आता आमचे मत असे झाले आहे की, वादळानंतर नाकारल्या जाणाऱ्या विम्याच्या दाव्यांइतका शुद्ध अर्थनिर्णयाचा वाद दुसरीकडे क्वचितच सापडतो. घर पडले आहे याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नसते. पैसे भरले होते याबद्दलही नसते. भांडण असते ते एका शब्दाच्या अर्थाबद्दल, आणि त्या अर्थावर एका कुटुंबाचे छप्पर अवलंबून असते.

काव्यशास्त्राच्या वर्गात लक्षणा समजावताना जे दह्याचे उदाहरण देतात, ते वाचकांच्या परिचयाचे असेलच. आई मुलाला सांगते, "कावळ्यांपासून दही राख." मुलगा कावळे हाकलतो. मग कुत्रे येते आणि मुलगा स्वस्थ बसून राहतो. कारण आईने कावळा म्हटले होते, कुत्रा म्हटले नव्हते. या मुलाला आपण आज्ञाधारक म्हणत नाही. 'कावळा' या शब्दात दही नासवणारा प्रत्येक जीव अभिप्रेत आहे, हे कळण्यासाठी शास्त्र शिकावे लागत नाही, कारण वाक्याचे तात्पर्य दही वाचवणे हे आहे. विमा उतरवणारा माणूस घराचा कागद असाच वाचतो. वादळापासून घर राखण्याचे वचन मिळाले, एवढे त्याला कळते. दाव्याच्या वेळी मात्र त्याला सांगितले जाते की तुमचे दही कुत्र्याने खाल्ले.

या वादाचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांच्या किनाऱ्यावर आले. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्राचे वादळी उधाण सत्तावीस-अठ्ठावीस फुटांपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर बिलोक्सी, पास ख्रिश्चन, लाँग बीच या गावांत शेकडो घरांच्या जागी फक्त जोत्याची फरशी उरली होती. भिंत नाही, छप्पर नाही, खांबही नाही.

तिथल्या घरमालकांच्या सर्वसाधारण विम्यात वाऱ्याने झालेली हानी मिळते. पूर, लाटा, भरतीचे पाणी यांनी झालेली हानी वगळलेली असते, मग ते पाणी वाऱ्याने ढकललेले असले तरीही. पुराचा विमा १९६८ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात राहत्या घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात. किनाऱ्यावरच्या अनेकांनी तो घेतलेला नव्हता. त्यामुळे उरलेल्या फरशीपुढे उभे राहून एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : घर वाऱ्याने नेले की पाण्याने?

ज्याने हे पाहिले असा साक्षीदार बहुधा नव्हता. माणसे आधीच घरे सोडून गेली होती. झाडे कोणत्या दिशेला कलली, शेजारच्या घरावर पाण्याची खूण किती उंचीवर आहे, पत्रे किती दूर जाऊन पडले, यांवरून घटनेची कथा रचावी लागत होती. ती रचणारे अभियंते बहुतेक वेळा विमा कंपनीने नेमलेले असत. आपण वर्गात विद्यार्थ्यांना विचारतो की ही कथा कोण सांगत आहे आणि कुठे उभे राहून सांगत आहे. हा प्रश्न तिथे कोट्यवधी डॉलरचा होता.

बिलोक्सीतल्या एका घराची हकिकत तर पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. त्या घराबद्दल ऑक्टोबर २००५ मध्ये अभियंत्यांचे दोन अहवाल तयार झाले. पहिल्या अहवालात हानीचे कारण प्रामुख्याने वारा होते, काही दिवसांनी आलेल्या दुसऱ्यात पाणी. पहिल्या अहवालावर, पैसे देऊ नयेत आणि चर्चा करू नये अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. दावे तपासण्याचे काम करणाऱ्या दोन बहिणींनी ही कागदपत्रे बाहेर आणली. पाण्याचे पैसे सरकारी पूरविम्यातून जात असल्यामुळे, वाऱ्याच्या हानीला पाणी म्हणणे म्हणजे आपला बोजा सरकारी तिजोरीवर टाकणे होते. स्टेट फार्म या कंपनीविरुद्धच्या त्या खटल्यात २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीला दोषी धरले आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. एकाच घटनेचे दोन पाठ असतील तर उत्तरपाठ का निर्माण झाला आणि तो कुणाच्या सोयीचा आहे, हे आपण पोथ्यांच्या बाबतीत विचारतो. दाव्यांच्या बाबतीत ते विचारायला अकरा वर्षे लागली.

विमापत्रांत आणखी एक कलम होते, आणि आमच्या मते या साऱ्या वादाचे मर्म त्यात आहे. त्याचा सारांश असा : वगळलेल्या कारणाने हानी झाली असेल, तर दुसऱ्या कोणत्याही कारणाने तिला एकाच वेळी किंवा कोणत्याही क्रमाने हातभार लावला असला तरी पैसे मिळणार नाहीत. 'कोणत्याही क्रमाने' या दोन शब्दांकडे वाचकांनी पाहावे. सकाळी वाऱ्याने छप्पर नेले आणि दुपारी पाण्याने भिंती नेल्या, तर सकाळ पुसून टाकण्याची शक्ती या दोन शब्दांत आहे. कथनशास्त्रात आपण घटनाक्रमाला जे महत्त्व देतो ते या कलमाने एका फटक्यात रद्द केले.

या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयांतही एकमत नव्हते. पास्कागुला येथील एका दांपत्याने नेशनवाइड या कंपनीवर दावा लावला होता. मागणी एक लाख तीस हजार डॉलरहून अधिक होती. पुराचा वेगळा विमा घेण्याची गरज नाही असे एजंटाने आपल्याला सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २००६ मध्ये न्यायाधीश सेंटर यांनी निकाल दिला. पाण्याची हानी वगळणारे कलम वैध आहे, पण वाऱ्याची स्वतंत्र हानी त्यात बुडवता येत नाही, असे त्यांनी म्हटले. दांपत्याच्या हाती आधी मिळालेल्या रकमेखेरीज सुमारे सव्वा हजार डॉलर पडले. २००७ मध्ये अपील न्यायालयाने निकालाची रक्कम कायम ठेवली; 'कोणत्याही क्रमाने' हे कलम मात्र संदिग्ध नसून स्पष्ट आहे, असे मत दिले.

पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लाँग बीचमधल्या एका घराचा वाद आला आणि त्या न्यायालयाने क्रम पुन्हा प्रस्थापित केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हानी ज्या क्षणी होते त्या क्षणीच भरपाईचा हक्क उत्पन्न होतो. वाऱ्याने आधी जे नेले त्याचा हक्क नंतर आलेले पाणी हिरावू शकत नाही. आम्हाला हा निकाल वाचताना एखादी चांगली समीक्षा वाचल्याचा आनंद झाला. त्याने कंपनीला दुष्ट ठरवले नाही, घरमालकाला पाण्याचे पैसेही दिले नाहीत. सकाळ ही सकाळ होती, एवढेच मान्य केले.

दुसरा वाद न्यू ऑर्लिन्स शहरातला, आणि तो सरळ कोशकारांच्या अंगणात जातो. तिथे कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. घरमालक म्हणाले, हा 'पूर' नव्हे. पूर निसर्गाचा असतो. हे पाणी माणसाने वाईट बांधलेल्या भिंती कोसळल्यामुळे आले. न्यायाधीश ड्युव्हाल यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये काही विमापत्रांबाबत हा युक्तिवाद मान्य केला. 'पूर' या शब्दाचे दोन वाजवी अर्थ होऊ शकतात, म्हणून तो संदिग्ध, आणि संदिग्धतेचा लाभ विमाधारकाला, असे त्यांचे तर्कशास्त्र होते. ऑगस्ट २००७ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवले. त्यासाठी त्याने शब्दकोश, ज्ञानकोश आणि विधिग्रंथ उघडले आणि कारण नैसर्गिक असो वा मानवी, पाण्याने मर्यादा ओलांडून कोरडी जमीन व्यापली की तो पूरच, असा निष्कर्ष काढला. २००८ मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले.

इथे मराठी कानाची साक्ष काढली तर ती घरमालकांच्या विरुद्ध जाते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. धरण माणसाने बांधलेले होते. तरीही पुणेकर आजतागायत 'पानशेतचा पूर' असेच म्हणतात. कोशकाराला या वापराकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

पण प्रश्न कोशापाशी संपतो का? 'पानशेतचा पूर' म्हणणारा माणूस घडलेल्या प्रसंगाला नाव देत असतो. विम्याच्या कागदातला 'पूर' हा शब्द एका वचनाला घातलेला अपवाद असतो. एकच शब्द दोन वाक्यप्रकारांत दोन कामे करतो, हे आपण भाषेच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. कोश शब्दाचा जास्तीत जास्त विस्तार नोंदवतो. अपवादाचा शब्द मात्र जास्तीत जास्त विस्ताराने वाचावा असे कुठलेच शास्त्र सांगत नाही. उलट, ज्याने मजकूर लिहिला त्याच्या विरुद्ध संदिग्ध मजकुराचा अर्थ लावावा, असे एक जुने तत्त्व कायद्यात आहे. 'कॉन्ट्रा प्रोफेरेन्टेम' हे त्याचे लॅटिन नाव. त्यामागची नीती साधी आहे. ज्याच्या हातात लेखणी होती त्याला स्पष्ट लिहिता आले असते. विमाधारकाने त्या मजकुरात एक स्वल्पविरामही घातलेला नसतो.

कंपन्यांची बाजू पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. विमा हा अनेकांनी मिळून भरलेला हंडा आहे. ज्या संकटाचा हप्ता घेतलेलाच नाही, त्याचे पैसे सहानुभूतीपोटी देत गेले तर हंडा रिकामा होतो, आणि ज्यांनी पुराचा वेगळा विमा पैसे मोजून घेतला त्यांच्यावरही अन्याय होतो. घरमालकांचे सारेच कैवारी धुतल्या तांदळासारखे होते, असेही नाही. कॅटरिनाच्या खटल्यांतले सर्वांत गाजलेले वकील रिचर्ड स्क्रग्ज यांनी या खटल्यांच्या फीच्या वाटणीवरून न्यायाधीशाला लाच देऊ केल्याचा गुन्हा २००८ मध्ये कबूल केला. आमचा आक्षेप अपवाद असण्याला नाही. तो अशा अपवादाला आहे जो वचनाच्या पहिल्या पानावर दिसत नाही आणि घर पडल्यावर प्रथमच वाचून दाखवला जातो.

आपल्याकडे या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. आपल्या आगीच्या प्रमाणित विमापत्रात वादळ, चक्रीवादळ, पूर आणि जलमयता ही संकटे एकाच कलमात एकत्र येतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या घरांच्या प्रमाणित विम्यातही वारा आणि पाणी अशी फाळणी नाही. कावळा आणि कुत्रा दोघांचीही नावे घेतलेली आहेत. म्हणून वाद संपले असे मात्र होत नाही. ते सरकून दुसऱ्या शब्दांवर जातात : झीज, जीर्णता, बांधकामातला दोष, 'अचानक', 'प्रत्यक्ष'.

आपल्या न्यायालयांनीही दोन्ही प्रकारचे वाचन केले आहे. २००४ मध्ये हरचंद राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरफोडीच्या विम्याचा अर्थ लावला. चोरी झाली होती, पण बळजबरीने आत शिरल्याचे दिसत नव्हते. विमापत्राच्या व्याख्येत बळाचा वापर आवश्यक होता, म्हणून दावा गेला. कागदात आहे तेवढेच वाचायचे, ही झाली अभिधा. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेक्सको प्रकरणात त्याच न्यायालयापुढे तळघरातल्या दुकानाचा विमा होता, आणि विमापत्रात तळघर वगळलेले होते. दुकान तळघरात आहे हे ठाऊक असताना कंपनीने हप्ते घेतले होते. करार ज्या हेतूने झाला तो हेतूच नष्ट करणारा अपवाद टिकणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या मते हे तात्पर्याचे वाचन आहे. दही राखायला सांगितले होते, हे इथे न्यायाधीशांना आठवले.

कोकणातल्या बहुसंख्य घरांना विमाच नाही, तेव्हा हा सारा ऊहापोह मूठभरांचा, असे कुणी म्हणेल. त्यांनी पंचनाम्याचा कागद हातात घेऊन पाहावा. तिथे 'पूर्णतः नष्ट' आणि 'अंशतः पडझड' असे वर्ग आहेत, आणि अंशतः पडझडीच्या मदतीसाठी किमान १५ टक्के हानी व्हावी लागते. कौलारू घराचे १५ टक्के म्हणजे किती कौले? पडवी घरात धरायची की नाही? माजघराची भिंत उभी आहे पण ओलीने फुगली आहे, ती पडझड की काय? तलाठी, ग्रामसेवक यांच्या हातून एका दिवसात पन्नास घरांचे असे अर्थनिर्णय होतात आणि घरमालक खाली सही करतो. विमा असो वा पंचनामा, वादळ दोनदा येते. एकदा घरावर, एकदा कागदावर. पहिल्यापुढे आपण हतबल असतो. दुसऱ्यापुढे तसे असण्याचे कारण नाही.

आता त्या मुलीच्या पत्राविषयी. आठवडाभराने आम्ही तिघांनी मिळून उत्तर लिहिले. त्यात कायद्याचे एकही कलम नव्हते, कारण आम्हाला ते येत नव्हते. फक्त एक प्रश्न होता. वासे जुने होते हे आम्ही मान्य करतो. पण २ जूनलाही ते तितकेच जुने होते, आणि २ जूनला छप्पर जागेवर होते. मधल्या एका दिवसात जी गोष्ट नव्याने घडली ती कोणती, हे कंपनीने सांगावे. जीर्णतेमुळे वादळाचे काम सोपे झाले असेल. म्हणून ते काम वादळाचे नव्हते, असे कोणत्या वाचनाने म्हणता येते?

दुसरा सर्व्हेअर आला. काही महिन्यांनी छपराची काही रक्कम मिळाली, सगळी नाही. तोवर त्यांनी गावातल्या पतपेढीचे कर्ज काढून घर शाकारून घेतले होते. हा काही विजय नव्हे. आणि आमच्या पत्राने तो निर्णय बदलला की आणखी कशाने, हेही आम्ही सांगू शकत नाही. पण त्या मुलीने पुढे स्वतः बसून वाडीतल्या आणखी तीन घरांची पत्रे लिहिली. एम.ए.ला तिला शब्दशक्तीच्या प्रश्नात किती गुण पडले ते आम्हाला आठवत नाही. शब्दशक्ती तिला समजली होती, याबद्दल मात्र शंका नाही.

आपल्या विद्यापीठांत 'उपयोजित मराठी' नावाचा विषय आहे. त्यात जाहिरातलेखन, वृत्तलेखन, सूत्रसंचालन शिकवले जाते. त्याच अभ्यासक्रमात एक विमापत्र, एक पंचनामा आणि दावा नाकारणारे एक पत्र का असू नये? हे तीनही कागद नीट वाचायला जे लागते ते सर्व आपल्यापाशी आहे : निवेदक कोण हे विचारण्याची सवय, पाठभेदाचा संशय, क्रमाचे भान, तात्पर्याचा शोध. आणि विमापत्र विकत घेणाऱ्याच्या भाषेत, वगळलेल्या गोष्टी पहिल्या पानावर ठेवून लिहिले जावे, ही मागणी भाषेच्या माणसांनी करायची नाही तर कुणी करायची?

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दिवशी आम्ही ते जुने पत्र वर्गात वाचून दाखवले. नाव-गाव झाकून. मग मुलांना एवढेच सांगितले : यात वादळ कोणत्या ओळीत नाहीसे झाले, ते शोधा. पाच मिनिटांत मागच्या बाकावरच्या मुलाने ती ओळ दाखवली.